धाकट्याचे लेखनिक

धाकटा कॉलेजात गेला तेव्हा घरच्यांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. शाळेपर्यंतचं शिक्षण त्याने टिपक्यांच्या पुस्तकांवर बोटं फिरवत केलं होतं. कॉलेजची पुस्तकं मात्र साध्या छापाची, आणि धाकट्याला जन्मापासून डोळ्यांनी फक्त उजेड कळायचा. खिडकी कुठे आहे ते सांगता यायचं, खिडकीबाहेर काय आहे ते नाही. म्हणून रोज संध्याकाळी ताई त्याला वाचून दाखवायची. ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. दिवसभर लोकांना 'सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर' असं सांगून तिच्या आवाजाला एक वळण पडलं होतं आणि इतिहासही ती त्याच वळणाने वाचायची. मोठमोठी साम्राज्यं उदयाला यायची, लयाला जायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, दोन्ही जेवणानंतरच झालं असावं. पण धाकट्याचं पाठांतर पक्कं. एकदा कानावर पडलं की दगडावरची रेघ.

प्रश्न होता परीक्षेचा. नियमाप्रमाणे त्याला लेखनिक मिळणार होता, म्हणजे दुसऱ्याने प्रश्न वाचायचा, याने तोंडी उत्तर सांगायचं आणि त्या दुसऱ्याने लिहायचं. शिवाय जादा वेळ आणि वेगळी खोली. त्यासाठी परीक्षा विभागातल्या कारकुनाला भेटायचं होतं. कारकून स्वभावाने वाईट नव्हता, पण नियमाच्या बाहेर त्याला ठसकासुद्धा लागत नसे.

"सर्टिफिकेट गेल्या वर्षीचं आहे," कारकून म्हणाला. "यंदाचं आणा."

"डोळे गेल्या वर्षीचेच आहेत, साहेब."

"ते झालं. पण मधल्या काळात सुधारणा झाली असेल तर?"

"झाली असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

कारकुनाने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "मुद्दा बरोबर आहे. तसं लिहून द्या."

"लिहून कसं देऊ?"

"लेखनिक घ्या."

"त्यासाठीच तर आलोय."

शेवटी ताईने लिहून दिलं. मग कारकुनाने लेखनिकाचे नियम वाचून दाखवले. नात्यातला चालणार नाही. त्या विषयाचा जाणकार चालणार नाही. शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमीच हवं.

"थोडक्यात, अक्षर हवं, अक्कल नको," ताई म्हणाली.

या सगळ्यात बसणारा माणूस कारकुनाने आठवडाभरात शोधून काढला. एका छापखान्यात मोठ्या यंत्रावर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ. शाळा लहानपणीच सुटलेली, पण अक्षर असं की छापखान्यातले लोक लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर आधी त्यांच्याकडून लिहून घेत. कारकुनाने एक ओळ लिहायला दिली आणि ती बघून तो स्वतःच्या अक्षराला लाजला. वर्षभरासाठी नेमणूक झाली. धाकटा त्यांना आजोबा म्हणू लागला.

पहिली परीक्षा सहामाही. हॉलला लागूनच एक अडगळीची खोली होती. मधे लाकडी पार्टिशन, तेही छतापर्यंत न पोचलेलं. मोडकी बाकं एका बाजूला रचून त्यात एक टेबल, दोन खुर्च्या. देखरेखीला एक बाई बसल्या होत्या. "हळू बोल हं," त्या म्हणाल्या, "पलीकडे पेपर चालू आहे."

धाकटा लहानपणापासून दुसऱ्याला त्रास न देण्याच्या शिस्तीत वाढलेला. त्याने अगदी कुजबुजत उत्तरं सांगितली. आजोबा "हं… हं…" करत होते आणि पेन अखंड चालत होतं. एकदाही 'पुन्हा सांग' नाही, एकदाही 'थांब जरा' नाही. धाकट्याला भरून आलं. माणूस असावा तर असा.

पेपर सुटल्यावर फाटकाशी आजोबांनी त्याचा खांदा धरला. "बरं वाटलं बघ. इतका वेळ माझ्याशी कुणी बोलत नाही रे आता. मुलगा, सून, नातवंडं सगळी आहेत, पण हल्ली जो तो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो."

निकाल लागला. धाकट्याला शंभरात सात.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. अर्ज करून ताईने उत्तरपत्रिका पाहायला मागितली, तिची नक्कल घरी आणली आणि स्वयंपाकघरात, आई शेजारी बटणं शिवत असताना, वाचायला घेतली.

"प्रश्न, वसाहतवादाची कारणे सांगा. उत्तर," ताई थांबली. "'वसाहतीतला वाद हा मुख्यतः पाण्यावरून होतो.'"

"काय?"

"'वरच्या मजल्यावरचे लोक नळ सोडून ठेवतात. खालच्यांना थेंब मिळत नाही. मग बायकांची जुंपते, पुरुष मधे पडतात.' पुढे दोन पानं हेच आहे. वाचू?"

"औद्योगिक क्रांतीचं बघ!"

"'माफीच्या इंजिनाचा शोध लागला. त्यामुळे मोठमोठे भांडणदार पुढे आले आणि त्यांनी गिरण्या काढल्या.'"

धाकटा म्हणाला होता वाफेचं इंजिन आणि भांडवलदार. त्याने कपाळावर हात मारला.

"सरांनी खाली शेरा दिलाय," ताई म्हणाली. "'अक्षर उत्तम. विचार स्वतंत्र. विषयाशी संबंध नाही.' सातच्या सात मार्क नळाला आहेत."

"नळाचं मात्र खरंय हो," आईने सुईवरून मान न उचलता सांगितलं.

आजोबांना ऐकू येत नाही हे उघड होतं. चाळीस वर्षं यंत्राच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाचे कान शिल्लक राहणार तरी कसे? जे कानात शिरलं नाही ते त्यांनी आपल्या अनुभवातून भरून काढलं होतं, आणि तेही मोत्यासारख्या अक्षरात.

"उद्याच्या उद्या जा आणि माणूस बदलून माग," ताईने हुकूम सोडला.

धाकटा गेला. काठी टेकत काउंटरपाशी उभा राहिला. "तक्रार काय आहे?" कारकुनाने विचारलं, आणि धाकट्याला आपली शाळा आठवली. शाळेत खेळाच्या तासाला, सहलीला, नाटकाला, 'तुला नाही जमायचं, तू बस' असं सांगून लोकांनी त्याला कायम बाजूला बसवलं होतं. आता त्याच तोंडाने आजोबांना बाजूला बसवा म्हणून सांगायचं? आंधळ्याने बहिऱ्याची चहाडी करायची?

"लेखनिकाला काही सवलत मिळते का?" त्याने विचारलं.

"सवलत विद्यार्थ्याला. लेखनिक हीच तुमची सवलत आहे," कारकून म्हणाला. "सवलतीला सवलत नसते."

मग एकच उपाय उरला.

पुढच्या चाचणीला धाकट्याने खुर्ची सरसावली, छाती भरून श्वास घेतला आणि जत्रेत हरवलेल्या पोराला हाक मारावी तसा ओरडला, "प्रश्न पहिला! औद्योगिक क्रांतीची कारणे! कारण एक!"

आजोबा खूश झाले. "वा! आज आवाज मोकळा आहे तुझा. असं बोलावं माणसानं."

देखरेखीच्या बाईंनी नियमांचं पत्रक उलटसुलट करून पाहिलं. त्यात वेळेबद्दल होतं, खोलीबद्दल होतं, आवाजाबद्दल अक्षरही नव्हतं. त्यांनी पदराने कान झाकले आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

पार्टिशनच्या पलीकडे हॉलमध्ये धाकट्याचाच वर्ग तोच पेपर देत होता. पहिल्या आरोळीला सगळे दचकले. दुसऱ्या कारणाला मागच्या बाकावरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या कारणापासून सगळा हॉल लिहू लागला. तिथले पर्यवेक्षक सर नंतर स्टाफरूममध्ये सांगत होते, एवढी शिस्त आपण उभ्या नोकरीत पाहिली नाही. कोणी शेजाऱ्याकडे बघत नाही, कोणी चिठ्ठी काढत नाही, सगळे एकाच वेळी लिहितात, एकाच वेळी थांबतात आणि छताकडे बघून विचार करतात. खरं तर पलीकडे धाकटा पाणी पीत असायचा.

वर्ग पास झाला. सगळाच्या सगळा. धाकटाही पास झाला, पण ती बातमी त्या धामधुमीत कुणाच्या लक्षात आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव भोंगा पडलं. आजवर वर्गात ज्यांनी त्याला 'बाजूला हो' याखेरीज काही म्हटलं नव्हतं, ते आता त्याच्यासाठी जागा धरू लागले. कोणी कोमट पाण्याचा थर्मास आणला, कोणी गळ्याभोवती मफलर गुंडाळला. थंड काही प्यायला त्याला सक्त मनाई झाली. सुरुवातीला त्याला कळेना, पण कळलं तेव्हा तो हबकला.

"हे बरं नाही," तो म्हणाला.

"आम्ही काय तुझ्या कागदात बघतो का?" मागच्या बाकावरचा पुढारी म्हणाला. "आमचे डोळे आमच्याच कागदावर असतात. आणि हे बघ, काल तुमच्या घरातला दिवा लवकर गेला म्हणे. अभ्यास झाला का पुरता?"

"दिव्याचा माझ्याशी काय संबंध?"

"तुझा नसेल. आमच्या चाळीस जणांच्या भवितव्याचा आहे."

धाकट्याने ठरवलं, वार्षिक परीक्षेला आवाज कमी ठेवायचा. पण कमी म्हणजे किती? आजोबांना ऐकू जाईल आणि हॉलला जाणार नाही, असा आवाज माणसाच्या गळ्यात नसतो. त्याने घरी आईवर प्रयोग करून पाहिला. शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. आणि खरं सांगायचं तर, आपल्यासाठी कोणी जागा धरून बसलेलं आहे, याची त्याला थोडी चटकही लागली होती.

वर्गात एकच मुलगी या सगळ्यापासून दूर होती. ती पहिल्या बाकावर बसायची, स्वतः अभ्यास करायची, स्वतः लिहायची, आणि हॉलमध्ये शिरताना कानात कापसाचे बोळे घालायची. लोक तिलाच पहिला बाक म्हणत.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी उकाडा मरणाचा. अडगळीच्या खोलीतला पंखा पूर्ण वेगात सोडला होता. दळणवळणाचा प्रश्न आला आणि घाईत धाकट्याची उलटापालट झाली. आधी कालवे खोदले गेले आणि मागाहून रेल्वे आली, हे त्याला झोपेतही पाठ होतं, पण तो ओरडला, "आधी रेल्वे आली! मग कालवे खोदले!" तेवढ्यात आजोबांसमोरचे कागद फडफडले. त्याच श्वासात, त्याच सुरात तो पुढे म्हणाला, "आजोबा, पंखा जरा कमी करा, कागद उडतोय!"

आजोबांनी उठून पंखा कमी केला. हॉलमध्ये चाळीस पेनं खाली झुकली.

इतिहासाचे सर पेपर तपासायला बसले. पहिल्या उत्तरपत्रिकेत रेल्वे आधी, कालवे नंतर. चूक, त्यांनी मार्क कापले. दुसरीत तेच. दहाव्या उत्तरपत्रिकेला त्यांना शंका आली. विसावीपर्यंत त्यांची खात्री झाली की आपलंच काहीतरी चुकतंय, नवं संशोधन झालेलं असणार. मागे जाऊन त्यांनी कापलेले मार्क परत दिले. मग पहिल्या बाकाची उत्तरपत्रिका आली. तीत आधी कालवे होते. 'एवढी हुशार मुलगी,' सर हळहळले आणि लाल रेघ मारली. आणि ते वाक्य! कालव्यांनंतर प्रत्येकाने लिहिलं होतं, 'आजोबा, पंखा जरा कमी करा, कागद उडतोय.' सरांना वाटलं, कुणा गिरणीकामगाराचे गाजलेले उद्गार असावेत. भाषा थेट होती, हाल समजत होते. त्यांनी प्रत्येकाला अर्धा मार्क दिला. हे वाक्य फक्त दोन उत्तरपत्रिकांत नव्हतं. एक पहिल्या बाकाची आणि दुसरी धाकट्याची.

निकाल लागल्यावर पहिल्या बाकाने आपली आणि शेजारणीची उत्तरपत्रिका मागवून पाहिली आणि ती थेट प्राचार्यांच्या खोलीत गेली. "मी बरोबर लिहिलं म्हणून माझे मार्क गेले," ती म्हणाली. "आणि हा पंखा कुणाचा आहे ते मला शोधून हवं आहे."

चौकशी बसली. टेबलामागे प्राचार्य, परीक्षाप्रमुख आणि इतिहासाचे सर. बाजूला फाइल घेऊन कारकून. समोर ती मुलगी, धाकटा आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेले आजोबा. मागच्या बाकावरच्या पुढाऱ्यालाही बोलावलं होतं.

"कॉपी केलीत की नाही?" परीक्षाप्रमुख गरजले.

"नाही सर. कुणाच्या पेपरात बघितलं नाही, जवळ कागद बाळगला नाही, खुणा केल्या नाहीत."

"मग उत्तरं कुठून आली?"

"वरून, सर."

प्राचार्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने नियम चाळले. "बघणं, दाखवणं, बोलणं, खुणावणं यांना बंदी आहे. ऐकण्याबद्दल काही नाही, साहेब."

परीक्षाप्रमुखांचा मोर्चा धाकट्याकडे वळला. "तू एवढा ओरडतोस का?"

धाकट्याने मान खाली घातली. शेजारच्या खुर्चीत आजोबांचा श्वास त्याला ऐकू येत होता. "सवय आहे," तो म्हणाला. "घरात सगळे मोठ्यानेच बोलतो."

"खोटं," पहिला बाक म्हणाली. "वर्गात याचा आवाज शेजारच्याला जात नाही."

परीक्षाप्रमुखांना काहीतरी उमगल्यासारखं झालं. ते आजोबांकडे वळले. "काय हो, तुम्हाला ऐकू येतं का नीट?"

"चालेल की," आजोबा प्रसन्नपणे म्हणाले. "साखर बेताची."

पुढाऱ्याला हसू फुटलं ते त्याने खोकल्यावर नेलं. इतिहासाच्या सरांना सहामाहीतला नळ आठवला. प्राचार्यांनी एक कोरा कागद घेऊन सगळी हकिगत चार ओळींत लिहिली आणि आजोबांपुढे सरकवली. आजोबांनी चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून ते धाकट्याकडे वळले.

"म्हणजे नळाचं ते तू सांगितलं नव्हतंस?"

धाकट्याने नकारार्थी मान हलवली.

"मग माझी तक्रार का नाही केलीस?"

"तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात," धाकटा ओरडला.

आजोबांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. पहिल्या बाकाने दुसरीकडे पाहिलं. कानाला यंत्र का लावत नाही, असं प्राचार्यांनी लिहून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "लावून पाहिलं. पुन्हा छापखान्यात उभं केल्यासारखं वाटतं. तिथून सुटलोय मी."

पहिला बाक वगळून सगळ्या वर्गाची फेरपरीक्षा घ्यायची, यावर एकमत झालं. पहिल्या बाकाचे मार्क परत मिळाले. राहिला लेखनिक. बदलून टाका, परीक्षाप्रमुख म्हणाले. इथे कारकून उभा राहिला.

"नेमणूक रद्द करायला कारण लिहावं लागतं. कारण बहिरेपणा. म्हणजे अपंगत्वावरून माणूस काढला असं होईल. आपण सगळे आत जाऊ."

"मग यांनाच सवलत द्या!"

"सवलत फक्त विद्यार्थ्याला मिळते."

"मग करा विद्यार्थी!" पहिला बाक वैतागून म्हणाली. तिला कंटाळा आला होता, घरी जायचं होतं. पण कारकुनाचे डोळे लकाकले. त्याने फाइल उघडली. कॉलेजात एक प्राथमिक वर्ग चालायचा, ज्याला वयाची अट नव्हती. आजोबांना त्यात प्रवेश दिला तर ते विद्यार्थी ठरत होते. विद्यार्थी झाले की ऐकण्याच्या अडचणीसाठी त्यांना मदतनीस मिळत होता. म्हणजे धाकट्याने मदतनिसाला हळू सांगायचं, मदतनिसाने पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायचं, आजोबांनी पाटी वाचून उत्तरपत्रिकेत उतरवायचं.

"अहो, मग मदतनिसालाच उत्तरपत्रिकेत लिहू द्या की!" इतिहासाचे सर म्हणाले.

"मदतनिसाला पाटीपुरतीच परवानगी आहे," कारकून म्हणाला.

आणि मदतनीस कोण? नियमांच्या चाळणीतून एकच माणूस खाली पडला. तो स्वतः कारकून.

फेरपरीक्षा मैदानापलीकडच्या खोलीत झाली. धाकट्याला पुन्हा कुजबुजायला मिळालं आणि त्याच्या घशाला कित्येक महिन्यांनी विसावा मिळाला. पण कारकुनाच्या हाताला दुसरी भाषा येत नव्हती. "वाफेच्या इंजिनामुळे क्रांती झाली," असं धाकट्याने सांगितलं की खडू कुरकुरायचा आणि कारकून स्वतःशी पुटपुटायचा, "सदर क्रांती वाफेच्या इंजिनास्तव घडून आल्याचे दिसून येते."

"मी असं नाही म्हणालो."

"आशय तोच आहे. टिपणी व्यवस्थित हवी."

"साहेब, पुसा ते."

कारकून पुसायचा. आजोबा धीराने वाट बघायचे, पाटी समोर आली की डुलत डुलत उतरवायचे. देखरेखीच्या बाईंनी या खेपेला विणकाम आणलं होतं. आधीचाच जादा वेळ, त्यावर आजोबांचा जादा वेळ. पेपर संपला तेव्हा मैदानावर खेळणारे केव्हाच घरी गेले होते. ताई फाटकाशी उभी होती.

"कसा गेला?"

"गेला एकदाचा," धाकटा म्हणाला. "बहुतेक माझाच होता."

त्याला त्रेपन्न मार्क मिळाले. सरांचा शेरा होता, 'मांडणी मुद्देसूद, भाषा कार्यालयीन.' 'सदर' काही सगळीकडून पुसले गेले नव्हते. वर्गातले निम्मे पास झाले, निम्मे गळाले. मागच्या बाकावरच्या मंडळींनी आठवडाभर त्याच्यासाठी जागा धरली नाही. धाकट्याला ते लागलं, पण त्याने बोलून दाखवलं नाही.

आजोबा प्राथमिक वर्गात मात्र मनापासून जाऊ लागले. पाटीवरचं सगळं आपल्या वहीत उतरवायचे, आणि वर्गातल्या पोरांना अक्षर लावायचं असलं की ती त्यांच्याभोवती जमायची.

मग एका दुपारी पुढारी ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी आला. गळालेले चारपाच जण मागे उभे होते. "भोंग्या," तो खाकरत म्हणाला, "पुढच्या परीक्षेआधी एकदा सांगशील का सगळं? इथेच, हळू आवाजात. आम्ही नुसतं ऐकू."

"आणि लिहिणार कधी?"

"परीक्षेत. आठवून."

धाकटा सरकला आणि त्याने पायरीवर हात आपटून जागा दाखवली. ते बसले. तो सांगू लागला. थोड्या वेळाने वरच्या पायरीवर कोणीतरी पिशवी ठेवल्याचा आवाज आला आणि पहिल्या बाकाचा आवाज म्हणाला, "हे तू चुकीचं सांगतोयस. मागे जा."

धाकटा मागे गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.